निवासी डॉक्टरांचं नैराश्य कसं तपासायचं: फॉर्म वाटण्याआधी आणि वाटल्यानंतर

१० ऑक्टोबर जवळ आला की वैद्यकीय महाविद्यालयांत लगबग सुरू होते. जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. सभागृहात व्याख्यान, जिन्याजवळ पोस्टर स्पर्धा आणि संध्याकाळी रेसिडेंट्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नैराश्याच्या प्रश्नावलीचा एक गुगल फॉर्म. फर्स्ट इयरचा जेआर (ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकता शिकता रुग्णालयात काम करणारा निवासी डॉक्टर) दोन अॅडमिशनच्या मधल्या वेळात तो भरतो. कुणीतरी एक्सेल शीट उतरवून घेतं, सरासरी काढतं, पुढच्या कॉन्फरन्सला त्याचं पोस्टर होतं. ज्यानं मरणाच्या विचारांबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं, त्याला कुणाचाही फोन जात नाही. खरं लिहूनही काही होत नाही, हे मात्र त्याला पक्कं कळतं. पुढच्या वर्षी तो सगळीकडे शून्य टाकतो.

त्यामुळे या लेखातला क्रम उलटा आहे. फॉर्म वाटल्यानंतर जे करायचं असतं, ते आधी. ज्या प्राध्यापकावर हे काम येऊन पडलंय, मार्डचे, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे, जे प्रतिनिधी त्यासाठी मागे लागलेत आणि ज्या विभागप्रमुखांना आपल्या युनिटमधली मुलं टिकवायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोळ्यांसमोर कोल्हापूर आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयाला जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, डी. वाय. पाटील यांचं खासगी महाविद्यालय, आणि चंदगड-आजऱ्यापासून सिंधुदुर्ग आणि सीमाभागापर्यंतचे पेशंट अंगावर घेणारी पंचवीस-तिशीतली मुलं-मुली.

हा प्रश्न किती मोठा आहे

२०१५ साली 'जामा' या नियतकालिकात जगभरातल्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. १७,५६० शिकाऊ डॉक्टरांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं असणाऱ्यांचं प्रमाण २८.८ टक्के निघालं. यातले बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर आधारलेले होते, म्हणजे या सगळ्यांचं निदान मनोविकारतज्ज्ञानं केलेलं नव्हतं. पण २०१० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकन इंटर्न्सचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. काम सुरू होण्याआधी त्यांच्यातले ३.९ टक्के जण प्रश्नावलीतल्या नैराश्याच्या रेषेच्या वर होते. वर्षभरात दर तीन महिन्यांनी मोजलं, तेव्हा सरासरी २५.७ टक्के. माणसं तीच, बदललं होतं ते काम. 'आजकालची पोरं नाजूक आहेत' असं म्हणणाऱ्या वरिष्ठांना हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवावेत.

आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं २०२४ साली ऑनलाइन सर्वेक्षण केलं. ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली आणि त्यांच्यापैकी जवळपास ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. ज्यांना सांगावंसं वाटलं त्यांनीच उत्तरं दिली असणार, हे धरून आकडा थोडा खाली आणला तरी उरतो तो काही कमी नाही.

पहिलं काम: उपचार कोण करणार, आणि कुठे

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीचे निकष लिहिले. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकाच्या) परीक्षेला आपण सगळ्यांनी ते पाठ केलेत. निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे, हा त्यातलाच एक निकष. नैराश्याच्या बाबतीत नेमका तोच सगळ्यात आधी विसरला जातो.

सोय आपल्याच रुग्णालयात आहे की, असं वाटेल. सायकियाट्री ओपीडी आहे, विभाग आहे. पण मेडिसिनचा जेआर तिथे कसा जाणार? केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस त्याला ओळखतो. ओपीडीत समोर बसलेला असतो त्याचाच को-पीजी, म्हणजे बरोबरीचा पदव्युत्तर विद्यार्थी, ज्याच्यासोबत तो हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर राहतो. रात्री मेसमध्ये दोघं समोरासमोर येणार. भिंतीला कान असतात म्हणतात, हॉस्टेलच्या भिंतींना तोंडही असतं.

म्हणून पहिली अट अशी: तपासणारा आणि उपचार करणारा, दोघेही संस्थेबाहेरचे हवेत. कोल्हापुरात खासगी मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. मेडिकल असोसिएशनच्या मदतीनं त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी लेखी ठरवून घ्या. रेसिडेंटसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळच्या वेळा, रात्री आठनंतरच्या, कारण त्याआधी कुणाची सुटका होत नाही. फी कोण देणार तेही आधीच ठरवा. बिल नावानं येऊ नये, संख्येवर यावं. 'या महिन्यात अकरा भेटी' एवढंच अकाउंट्सच्या टेबलावर पोचलं पाहिजे.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ५० किलोमीटरवर आहे. इथल्या रेसिडेंटला तिथल्या विभागानं पाहायचं, तिथल्याला इथल्या. प्रवासाचा त्रास आहे, पोस्ट-ड्यूटीच्या दिवशी तो नकोच वाटतो. पण पन्नास किलोमीटर लांब असणं हीच कुणाकुणाला सोय वाटते. शिवाय पुढच्या भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर होऊ शकतात.

ही व्यवस्था कागदावर आल्याशिवाय फॉर्म छापू नका. महिना गेला तरी चालेल.

किती माणसं येतील याचा हिशोब

समजा दोनशे रेसिडेंट आहेत आणि त्यांच्यापैकी वीस जणांना खरोखर नैराश्याचा आजार आहे. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली वापरली आणि १० गुणांची रेषा धरली, तर २००१ सालच्या मूळ अभ्यासात तिची संवेदनशीलता (आजारी असलेल्यांना पकडणं) आणि विशिष्टता (आजारी नसलेल्यांना वगळणं) दोन्ही ८८ टक्के होत्या. म्हणजे विसातले साधारण अठरा सापडतील, दोन निसटतील. आणि ज्यांना आजार नाही अशा एकशे ऐंशीपैकी साधारण बावीस जणही रेषेच्या वर दिसतील. हातात चाळीस नावं येतील आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून कमी जण खरे आजारी असतील.

याचे दोन अर्थ. एक, रेषेच्या वर गेलेल्या कुणालाही 'तुला डिप्रेशन आहे' असं सांगायचं नाही. दोन, चाळीस जणांशी प्रत्येकी चाळीस मिनिटं बोलायचं तर सत्तावीस तास लागतात. ते तास कुणाचे, हे आधी माहीत हवं. सगळ्यांना एकाच दिवशी लिंक पाठवणाऱ्यांचं इथेच कोसळतं.

कोल्हापूरकरांना हे समजावायला पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पुरेसा आहे. पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. ३९ फूट हा आकडा तुमच्या घरात पाणी शिरेल की नाही ते सांगत नाही. पण तो आला की कुणी कुठल्या गल्लीत जायचं, जनावरं कुठे न्यायची, कुठली शाळा उघडायची हे आधीच ठरलेलं असतं. पाणी चढल्यावर त्याची बैठक बोलवून चालत नाही. प्रश्नावलीतले १० गुण म्हणजे तेवढेच, इशारा.

कुणाला काय कळणार नाही, ते लिहून काढा

रेसिडेंटला फॉर्म वाचताना एकच शंका असते: हे एचओडींपर्यंत जाईल का? 'माहिती गोपनीय ठेवली जाईल' या ओळीवर कुणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी नेमकं लिहा. विभागप्रमुखांना काय कळेल: काहीही नाही. गाईडला: काहीही नाही. अधिष्ठात्यांना: एकूण किती जण आले आणि किती जणांना पुढे पाठवलं, एवढंच. विद्यापीठाला: काहीही नाही. जिवाला तातडीचा धोका दिसला तर समुपदेशक कुणाला फोन करेल: तुम्ही स्वतः लिहून दिलेल्या एका व्यक्तीला. हा अपवाद आधीच सांगितला की उलट विश्वास वाढतो.

कायदाही पाठीशी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २३ नुसार आपल्या मानसिक आजाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाचा धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद त्यात दिलेत. 'विभागप्रमुखांना माहीत असलेलं बरं' हा त्यांच्यातला अपवाद नाही.

निनावी फॉर्मची एक खोड बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नाव विचारलं नाही, पण वय, लिंग, विभाग आणि वर्ष विचारलं. आता ईएनटीच्या सेकंड इयरला एकच मुलगी असेल, तर ते नाव लिहिल्यासारखंच झालं. गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचं बटण चालू राहिलं की उरलंसुरलंही उघडं पडतं. विभाग विचारायचाच नाही. प्रबंधासाठी लागतो म्हणून विचारायचा असेल, तर तो प्रबंध आहे, स्क्रीनिंग नाही. त्यासाठी एथिक्स कमिटीकडे जा आणि ही दोन कामं एकत्र करू नका.

निनावी फॉर्म की प्रत्यक्ष भेट?

निनावी ठेवलं तर मुलं खरं लिहितात, पण धोक्यात असलेल्या मुलापर्यंत आपण पोचू शकत नाही. नाव घेतलं तर पोचता येतं, पण तो खरं लिहीत नाही. यावर अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठानं २००९ पासून एक वाट काढली: प्रश्नावली सांकेतिक नावानं भरायची, समुपदेशकानं त्याच सांकेतिक नावाला उत्तर पाठवायचं, बोलणं पुढे न्यायचं की नाही आणि नाव सांगायचं की नाही हे डॉक्टरनं ठरवायचं. उत्तम पद्धत आहे, पण त्यासाठी सुरक्षित संगणकप्रणाली आणि रोज उत्तरं देणारा माणूस लागतो.

आपल्यासारख्या ठिकाणी मला दुसरी पद्धत जास्त झेपणारी वाटते. अमेरिकेतल्याच काही रेसिडेन्सी कार्यक्रमांनी ती वापरली आहे. सगळ्यांनाच भेटीची वेळ द्यायची. कुणी मागायची नाही, कुणी लपवायची नाही. रोस्टरवर जशी ड्यूटी लागते, तशी प्रत्येकाची पंधरा मिनिटं लागतात, अगदी चीफ रेसिडेंटचीही. बाहेरून आलेला समुपदेशक खोलीत असतो. फॉर्म तिथेच भरायचा, तिथेच मोजायचा, तिथेच बोलायचं. नको असेल त्यानं 'नको' म्हणावं, पंधरा मिनिटं चहा पीत बसावं आणि जावं. बाहेर थांबलेल्याला आत काय झालं ते कळत नाही. सगळेच जातात म्हटल्यावर जाण्याचा शिक्का कुणाच्याच कपाळावर बसत नाही.

खोली कॅम्पसवर हवी, पण सायकियाट्री विभागाच्या वाटेवर नको. ग्रंथालयाशेजारची बंद केबिन चालेल. दाराला काच असेल तर कागद लावा. फोन बाहेर ठेवायला सांगू नका, कॉल आला तर त्याला जावंच लागतं. त्याला पुन्हा वेळ द्या.

गट विभागवार पाडले की 'या आठवड्यात सर्जरीची पाळी' अशी थट्टा होते. जन्ममहिन्यावर गट पाडावेत. जानेवारी-फेब्रुवारीवाले पहिल्या आठवड्यात, मार्च-एप्रिलवाले दुसऱ्या. मग एका युनिटमधून एकावेळी एक-दोघंच बाहेर पडतात आणि वॉर्डही ओस पडत नाही.

प्रश्नावली कोणती

पीएचक्यू-९ घ्यावी. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. वापरायला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. मूळ इंग्रजीखेरीज मराठी आणि हिंदी भाषांतरं उपलब्ध आहेत. शासकीय महाविद्यालयात पदव्युत्तरच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, म्हणजे मराठी नीट न येणारेही बरेच असतात. तिन्ही भाषांतल्या प्रती टेबलावर ठेवा. तुम्ही स्वतः भाषांतर करू नका, प्रमाणित केलेलंच वापरा.

वेळ फार कमी असेल तर पहिले दोनच प्रश्न आधी विचारतात: मन उदास किंवा निराश वाटतं का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलाय का. सहापैकी तीन गुण झाले की पुढचे सात. पण डॉक्टरांसाठी मी हा आखूड मार्ग घेणार नाही, कारण नववा प्रश्न सुटतो, आणि सुटायला नको असलेला प्रश्न तोच आहे.

आता खरी अडचण. नऊपैकी तीन प्रश्न झोप, थकवा आणि भूक यांचे आहेत. ३६ तासांची ड्यूटी करून आलेल्या कुठल्याही माणसाला या तिन्हींमध्ये सहज सात-आठ गुण पडतात. तो निराश नसतो, झोपेला आलेला असतो. म्हणून एकूण गुणांबरोबर ते आले कुठून, हेही पाहायचं. गुण ११, पण उदासी शून्य, रस शाबूत, स्वतःबद्दल अपराधी वाटणं शून्य: या मुलाला आधी दोन रात्री झोपू द्या आणि दहा दिवसांनी परत बोलवा. उलट गुण ९, रेषेच्या खालीच, पण त्यांतले सहा गुण उदासी, रस जाणं आणि 'मी नालायक आहे' या तिघांतून आलेले: या मुलीला रेषेखाली आहे म्हणून सोडायचं नाही. नऊ प्रश्नांखाली एक बिनगुणांचा प्रश्न असतो, या सगळ्यामुळे काम करणं, लोकांशी वागणं किती अवघड झालंय. तो छापताना गाळू नका. दोघांतला फरक बऱ्याचदा तिथे दिसतो.

'हे डिप्रेशन नव्हे, बर्नआउट आहे' हे वाक्य फार ऐकू येतं. बर्नआउट हा कामाशी जोडलेला प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ताज्या यादीतही तो आजार म्हणून धरलेला नाही. साधी कसोटी अशी: आठ दिवसांच्या रजेवर गावी गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस हसायला लागला का? आईच्या हातचं जेवण समोर असूनही चव नसेल, कुणाशी बोलावंसं वाटत नसेल, तर बर्नआउट म्हणून सोडून देऊ नका.

कधी करायचं

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा, म्हणजे मूळ पातळी कळते. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्ष पूर्ण होताना. पहिलं वर्ष सगळ्यात कठीण, तिथे हात आखडता घेऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला वर्षातून दोनदा पुरे. प्रबंध जमा करण्याचा आठवडा आणि विद्यापीठाच्या परीक्षेचा महिना टाळा. जुलै-ऑगस्टही टाळा. डेंग्यूचे वॉर्ड भरलेले असतात, आणि २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर अर्धी माणसं पूरग्रस्तांच्या शिबिरात असतात. रात्रीच्या ड्यूटीनंतरची सकाळ तर कधीच नको.

नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं तर

या भागात घाई नको.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण गुण चार असोत की चोवीस, इथे एक गुण जरी पडला तरी त्याच बैठकीत बोलायचं. विचारल्यानं विचार मनात भरतो ही भीती खोटी आहे, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. बोलणं साधारण असं होऊ शकतं:

'डॉक्टर, या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही "काही दिवस" लिहिलंय. जरा सांगाल?'

'ते असंच मॅडम. ड्यूटी संपली की वाटतं, झोपावं आणि उठूच नये.'

'झोप पुरी होत नाही म्हणून? की जगणंच नको वाटतं?'

'आधी झोपेचंच होतं. आता दुसरंपण वाटतं कधी कधी.'

'जीव द्यायचा विचार येतो?'

'...येतो.'

'कसं करायचं, कधी, असं काही मनात ठरवलंय?'

इथे 'अहो, असा विचार करायचा नसतो' म्हणायचं नाही. आईवडिलांनी किती कष्ट केले याची आठवण करून द्यायची नाही, तिचं ओझं त्याच्यावर आधीच आहे. एकेक गोष्ट विचारत जायची: विचार किती वेळा येतो, काही योजना आहे का, साधन जमवून ठेवलंय का, याआधी कधी प्रयत्न झालाय का, घरात कुणी असं गेलंय का, आणि आत्तापर्यंत कशामुळे थांबलात. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात पुढच्या उपचाराचा धागा असतो. कुणी धाकट्या बहिणीचं नाव घेतं, कुणी वॉर्डातल्या एखाद्या पेशंटचं.

नुसता विचार आहे, योजना नाही: चोवीस तासांच्या आत मनोविकारतज्ज्ञाची भेट, वेळ समुपदेशकानं स्वतः फोन करून घ्यायची. 'हा नंबर घ्या, लावा कधीतरी' म्हणजे न लावण्याची सोय.

योजना आहे किंवा साधन जवळ आहे: एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही नाही. त्यानं लिहून दिलेल्या माणसाला फोन करायचा आणि तो येईपर्यंत सोबत बसायचं. त्या रात्रीची ड्यूटी काढायची. औषधांपर्यंत डॉक्टरचा हात सहज पोचतो, त्यामुळे त्याला वॉर्डात किंवा खोलीत परत पाठवून 'उद्या बघू' म्हणणं हा धोका कुणीही पत्करू नये. भरती करायची वेळ आली तर शक्यतो दुसऱ्या रुग्णालयात.

आणि रात्री तीन वाजता, समुपदेशक झोपलेला असताना? टेली मानस. १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फॉर्मवर, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर आणि ड्यूटी रूमच्या दारामागे हा नंबर चिकटवा. दारामागे अशासाठी, की तिथे तो लिहून घेताना कुणी बघत नाही.

बाकीच्या गुणांचं काय करायचं

० ते ४: काही नाही, चहा घ्या आणि जा. ५ ते ९: पंधरा दिवस ते महिन्याभरात पुन्हा मोजायचं. १० ते १४: सविस्तर मुलाखत, मग गरजेप्रमाणे समुपदेशन. १५ ते १९ ला मनोविकारतज्ज्ञ आठवड्याच्या आत, औषध किंवा मानसोपचार किंवा दोन्ही. २० आणि त्याच्या वर दोन दिवसांच्या आत. हे आकडे प्रश्नावलीच्या कर्त्यांनीच सुचवलेल्या टप्प्यांवर बेतलेले आहेत, दिवसांची मर्यादा मी माझ्या अंदाजानं घातली आहे.

मुलाखतीत निदानाआधी काही गोष्टी चाळून घ्यायच्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. झोपेसाठी कुठली गोळी चालू आहे का. दारू किती वाढली. आणि आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप कमी आणि उत्साह, बडबड, खर्च सगळं उतू चाललंय. हा प्रश्न न विचारता नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि माणूस बायपोलर निघाला, तर प्रकरण चिघळतं.

डॉक्टरांची खास खोड म्हणजे स्वतःच स्वतःला औषध लिहिणं. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठीची गरज नाही, एस्सिटॅलोप्रॅम १० आणि सोबत झोपेची गोळी. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद. नैराश्यावरच्या औषधांना परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवावी लागतात, हे तो रोज पेशंटला सांगत असतो. मुलाखतीत याबद्दल न रागावता विचारा. आश्चर्य वाटेल इतके जण 'हो' म्हणतील.

ड्यूटी आणि रजा

औषध चालू झालं आणि रोस्टर तेच राहिलं, तर हाती फारसं काही लागत नाही. १९९२ च्या केंद्र सरकारच्या निर्देशात सलग १२ तासांहून जास्त ड्यूटी नको असं लिहिलेलं आहे. २०२४ च्या कृती दलानं आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचवली. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांतही साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला किमान वीस दिवसांची रजा आहे. कागदावर सगळं आहे. त्यातलं निदान आजारी माणसाच्या वाट्याला तरी यावं.

तीन-चार आठवडे रात्रीची ड्यूटी बंद ठेवणं हा सगळ्यात उपयोगी बदल आहे. प्रमाणपत्रावर 'वैद्यकीय कारणास्तव' एवढंच लिहावं, निदान नको. ज्या रात्री रिकाम्या होतील, त्या को-पीजींवर टाकल्या तर आठ दिवसांत कुजबुज सुरू होते आणि पुढचा आजारी मुलगा तोंड उघडत नाही. त्या सीनियर रेसिडेंट आणि लेक्चरर मिळून वाटून घ्याव्यात. विभागप्रमुख कुरकुरतील. त्यांच्याशी अधिष्ठात्यांनी बोलायचं, समुपदेशकानं नाही.

लांब रजा घ्यायची असेल तर हजेरीची ८० टक्क्यांची अट आणि टर्म वाढण्याची शक्यता स्पष्ट सांगा. ते ऐकून बरेच जण रजा नाकारतात. त्यांना घाई करू नका, पण २० किंवा त्याच्या वर गुण असलेल्याला 'परीक्षा झाली की बघू' म्हणूही देऊ नका.

मुलाखतीत कधीकधी आजारापेक्षा वेगळंच बाहेर येतं: सीनियर रोज सगळ्यांसमोर फाइल फेकून मारतो, जातीवरून बोलतो, जेवायला सोडत नाही. इथे गोळी देऊन परत पाठवणं म्हणजे त्या सीनियरला मदत. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. तक्रार करायची की नाही हे रेसिडेंटनं ठरवायचं, पण मार्ग माहीत करून देणं समुपदेशकाचं काम.

को-पीजींनी काय पाहावं

दोन फेऱ्यांच्या मध्ये निदान तीन महिने जातात. त्या काळात दिसतं ते शेजारच्या खोलीतल्यालाच. एरवी टापटीप असलेल्याची डिस्चार्ज कार्डं साचायला लागतात. मेसला येणं बंद होतं. राउंडला साध्या प्रश्नावर डोळे भरतात, किंवा वॉर्डबॉयवर विनाकारण खेकसतो. 'सीट सोडतो रे' हे गमतीनं सगळेच म्हणतात, त्याच्या बोलण्यातली गंमत गेलेली असते.

अशा वेळी 'तुला काय झालंय?' विचारून फार काही मिळत नाही. 'चल भावा, दसरा चौकात चहा घेऊन येऊ' म्हणा, चालता चालता बोलणं निघतं. ऐकून घ्या, सल्ला कमी द्या. आणि त्यानं सांगितलेलं ग्रुपवर नेऊ नका, बॅचमेटच्या काळजीपोटीसुद्धा नाही. मरणाची भाषा ऐकलीत तर मात्र गुपित ठेवण्याचं वचन मोडा, आणि त्याला सांगून मोडा: 'मी मॅडमना फोन लावतोय, तुझ्यासमोरच लावतोय.'

कागदपत्रं आणि पुढची फेरी

भरलेले फॉर्म समुपदेशकाच्या ताब्यात, त्याच्या दवाखान्यात, कुलपात. कॉलेजच्या कपाटात एकही प्रत नको. अधिष्ठात्यांना द्यायच्या अहवालात पाच ओळी पुरतात: किती जणांना वेळ दिली, किती आले, किती जणांची मुलाखत झाली, किती जण उपचारापर्यंत पोचले, मुलाखतीपासून पहिल्या भेटीपर्यंत सरासरी किती दिवस लागले. विभागवार तक्ता कुणी मागितला तर द्यायचा नाही.

या पाचपैकी मी सगळ्यात आधी शेवटचा आकडा बघेन. तो सातच्या वर गेला असेल तर पुढची फेरी थांबवा आणि आधी अजून एक मनोविकारतज्ज्ञ जोडा. किती जणांनी 'नको' म्हणून नुसता चहा घेतला, हेही मोजा. पहिल्या फेरीत तो आकडा मोठा असणारच. दुसऱ्या फेरीतही तेवढाच राहिला, तर मार्डच्या प्रतिनिधीला बोलावून विचारा, बाहेर काय बोललं जातंय. बहुतेक वेळा एखादी गोष्ट फुटलेली असते, आणि कुठून फुटली ते त्यांना माहीत असतं.